पिसाचा कलता मनोरा : पाया, माती आणि थांबलेले काम

(सोसायटीच्या शिरूर आणि दौंड येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यांत केलेले भाषण. दौंडच्या मेळाव्यात पालकांनी जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे शेवटी घातली आहेत.)



आजच्या भाषणासाठी मी एक वस्तू बरोबर आणली आहे. ती माझी नाही, आपल्यातच बसलेल्या एका मिस्त्रींची आहे. हा ओळंबा. मुलांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तो खुंटीला टांगलेला असेल, कारण आपल्या समाजात गवंडीकाम, सुतारकाम, सेंटरिंगचे काम करणारे पुष्कळ आहेत. हा ओळंबा मी मंडपाच्या या खांबाला वरून सोडतो. खांब जमिनीपासून दहा फूट आहे. दोरी आणि खांब यांच्यामध्ये खाली जेवढे अंतर पडेल तेवढा खांब कलला असे आपण म्हणतो. दहा फुटांत पाव इंचाचा फरक पडला तरी मिस्त्री बांधकाम थांबवतात आणि हाताखालच्या माणसाला दोन शब्द ऐकवतात. आता कल्पना करा, हे अंतर साडेअकरा इंच आहे, आणि खांबाऐवजी तेथे 56 मीटर उंचीचा, साडेचौदा हजार टन वजनाचा दगडी मनोरा आहे. इटली देशातील पिसा शहरातला जगप्रसिद्ध मनोरा 1990 साली पायापाशी इतका कललेला होता. त्या मनोऱ्याची हकीकत मी सांगणार आहे.

विषय ठरला तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी मला प्रेमाने विचारले, "सर, ख्रिस्ती लोकांच्या घंटाघराची गोष्ट आपल्या मुलांना कशाला?" प्रश्न रास्त आहे. पिसाचा मनोरा हे तेथील मोठ्या चर्चचे घंटाघर आहे. नमाजासाठी लोकांना बोलावण्याकरिता आपण मिनार बांधले, प्रार्थनेसाठी बोलावण्याकरिता त्यांनी घंटाघरे बांधली. बांधणाऱ्या गवंड्यापुढची अडचण दोन्हीकडे एकच होती. दगडावर दगड चढवीत उंच जायचे, आणि खालच्या मातीने ते सारे ओझे पेलायचे. शिवाय पिसा शहराचा आणि मुसलमानांच्या विद्येचा संबंध फार जवळचा आहे, तो पुढे सांगेनच.

आधी एक शब्द दुरुस्त करून घेऊ. आपल्याकडे पुष्कळ लोक "पिसाचा झुलता मनोरा" म्हणतात. हा मनोरा झुलत नाही, तो कललेला आहे. झुलते मनोरे आपल्याच देशात आहेत. अहमदाबादेत सिदी बशीरच्या मशिदीचे दोन मिनार रेल्वे स्टेशनजवळ अजून उभे आहेत. एका मिनाराच्या वरच्या मजल्यात जाऊन तो हलवला तर थोड्या वेळाने दुसरा हलू लागतो, अशी त्यांची ख्याती आहे. त्याच शहरातील जामा मशिदीचेही मिनार असेच होते, ते 1819 च्या कच्छच्या भूकंपात पडले. खानदेशात एरंडोल तालुक्यात फरकांडे गावचे झुलते मनोरेही प्रसिद्ध होते. झुलणे हा कारागिरीचा चमत्कार म्हणता येईल. पिसाचे कलणे हा मात्र चमत्कार नव्हे. ती चूक आहे, आणि ती चूक करणाऱ्यांना पाचच वर्षांत कळून आली होती.

पिसा हे बाराव्या शतकात समुद्रावर व्यापार करणारे श्रीमंत शहर होते. 1063 साली पिसाच्या आरमाराने पालेर्मोवर हल्ला केला. पालेर्मो हे सिसिली बेटावरील शहर तेव्हा मुसलमानांच्या ताब्यात होते. तेथून आणलेल्या लुटीतून पिसाच्या मोठ्या चर्चचे काम सुरू झाले, असा लेख त्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर कोरलेला आहे. त्या चर्चच्या छपरावर शेकडो वर्षे एक काशाचा पशू उभा होता, चोच गरुडाची आणि अंग सिंहाचे. त्याच्या अंगावर कूफी लिपीत अरबी मजकूर आहे, मालकासाठी बरकत आणि सलामती मागणारा. तो बहुधा अकराव्या शतकात अंदलुसमध्ये, म्हणजे मुसलमानी स्पेनमध्ये घडवला गेला असावा. 1828 साली तो खाली उतरवला आणि आता तो तेथील संग्रहालयात आहे. चर्चच्या माथ्यावर अरबी दुआ! खाली उभ्या राहणाऱ्या किती जणांना ती वाचता येत होती, कोण जाणे.

परंतु पिसाने आपल्याकडून लुटीशिवायही एक गोष्ट नेली, आणि ती रीतसर शिकून नेली. मनोऱ्याचा पाया भरला त्याच सुमारास पिसात लिओनार्दो नावाचा मुलगा जन्मला. पुढे जग त्याला फिबोनाची म्हणू लागले. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेत आजच्या अल्जेरियातील बुजी बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीच्या कचेरीत कामाला होते. त्यांनी मुलाला तेथे बोलावून घेतले आणि हिशेब शिकायला बसवले. तेथे तो हिंदुस्थानचे नऊ अंक आणि शून्य शिकला. 1202 साली त्याने या अंकगणितावर मोठा ग्रंथ लिहिला आणि युरोपात रोमन अंकांच्या जागी हे अंक रुजायला त्याने मोठी मदत झाली. आपले शून्य अरबीत सिफ्र झाले, सिफ्रचे लॅटिनमध्ये झेफिरम आणि त्याचे पुढे झीरो. शाळेत आपण "झीरो मिळाला" म्हणतो, तेव्हा आपण आपलाच शब्द लांबचा प्रवास करून आल्यावर ओळखत नाही. मला यातले आवडते ते त्या वडिलांचे करणे. परमुलखात नोकरीला असलेल्या बापाने मुलाला बोलावले ते हाताखाली कामाला लावण्यासाठी नव्हे, शिकवण्यासाठी.

असो. आता मनोऱ्याकडे येऊ.

1172 साली बर्ता नावाच्या एका विधवेने मृत्युपत्रात मनोऱ्याच्या दगडांसाठी 60 नाणी ठेवली. एवढ्या मोठ्या कामाच्या मानाने रक्कम लहान होती. पण मनोऱ्यासाठी दिलेली म्हणून ज्या देणगीची नोंद आज दाखवतात ती हीच. आपल्या सोसायटीच्या पावतीपुस्तकातही अशा बहिणींच्या पावत्या आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. मनोरा कोणी बांधला याबद्दल मात्र पंडितांत वाद आहे. कोणी बोनान्नोचे नाव घेतात, कोणी दिओतिसाल्वीचे.

1173 च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झाले. आपल्याकडे तेव्हा देवगिरीचे यादव अजून स्वतंत्र राजेही झाले नव्हते. पाया किती खोल घेतला असेल? अवघा तीन मीटर. आठ मजली दगडी इमारतीला दहा फुटांचा पाया! आणि खाली जमीन कशी? पिसा वसले आहे नद्यांनी आणलेल्या गाळावर. आर्नो नदी शहरातून जाते, समुद्र जवळ. वर सुमारे दहा मीटर रेती आणि गाळ, त्याखाली जवळजवळ चाळीस मीटर खोलीपर्यंत समुद्राच्या तळाची मऊ चिकणमाती. त्या पायाखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 50 टन ओझे येते.

येथे दौंडकडच्या पालकांना जास्त सांगायला नको. भीमाकाठच्या काळ्या मातीत घर बांधणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर भिंतीलाही तडा जातो. म्हणून जाणता मिस्त्री काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत चर खोदतो. माळरानावर मुरूम लवकर लागतो, खर्च वाचतो. दौलताबादच्या पायथ्याशी उभा असलेला चाँद मिनार तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. बहमनी सुलतान अलाउद्दीनच्या काळात, 1445 च्या सुमारास तो बांधला. चार मजली आहे आणि पिसाच्या मनोऱ्यासारखाच गोल. जवळजवळ पावणेसहाशे वर्षे झाली, तो कोठे कललेला डोळ्यांना दिसत नाही. बांधणारे कुशल होते हे खरेच, परंतु हा सारा मुलूख दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे, हेही विसरता कामा नये. पिसाचे गवंडी आपल्या गवंड्यांपेक्षा कमी नव्हते. तेथील संगमरवरी काम पाहून जग थक्क होते. त्यांची जमीन वाईट होती. याचा पुरावा असा की त्याच शहरात आणखी दोन चर्चचे मनोरे कललेले आहेत. एका गावात तीन मनोरे कलतात तेव्हा तीन मिस्त्रींना नालायक ठरवण्याआधी माती पाहावी लागते.

पाच वर्षे काम चालले. 1178 च्या सुमारास चौथ्या मजल्यापर्यंत बांधकाम आले आणि थांबले. पिसाच्या शेजारच्या शहरांशी लढाया चालू होत्या, पैसा आणि माणसे तिकडे गेली. काम थांबले ते थोडेथोडके नव्हे, जवळजवळ 94 वर्षे. चार मजल्यांचे ते अर्धवट बांधकाम तसेच उभे राहिले. ज्यांनी पहिला दगड बसवला त्यांची मुले मेली, नातवंडे म्हातारी झाली. त्या शहरातली माणसे त्याकडे पाहून काय म्हणत असतील? पैसा वाया गेला, दगड वाया गेले, असेच म्हणत असतील.

मुलांनो, आता जे सांगतो ते नीट ऐका. मनोरा आज उभा आहे तो या थांबण्यामुळे. हे माझे मत नव्हे. पुढे ज्या इंजिनियरांनी या मातीचा अभ्यास केला त्यांनी हिशेब करून हे सांगितले आहे. 1178 साली काम न थांबता असेच वर चढत गेले असते तर खालची चिकणमाती फुटून मनोरा आडवा झाला असता.

असे का, हे समजायला आपल्या आयांनी श्रीखंडासाठी चक्का कसा बांधला जातो ते आठवावे. दही फडक्यात बांधून टांगतात किंवा वर वजन ठेवतात. पाणी थेंब थेंब निथळते आणि सकाळपर्यंत दही घट्ट होते. मग त्याच दह्यावर जास्त वजन ठेवले तरी चालते. परंतु ताज्या दह्यावर एकदम पाटा ठेवला तर? पाणी निघायला वेळ मिळत नाही आणि दहीच फडक्याबाहेर येते. चिकणमातीचे तसेच आहे. तिच्या कणांमध्ये पाणी अडकलेले असते. वरून ओझे आले की ते पाणी फार सावकाश, वर्षानुवर्षे बाहेर पडते आणि माती घट्ट होते. त्या 94 वर्षांत चार मजल्यांच्या वजनाखाली पिसाची चिकणमाती निथळत होती. वर कोणी काम करताना दिसत नव्हते, पण खाली काम चालू होते.

1272 साली जोव्हान्नी दि सिमोने नावाच्या स्थपतीने काम पुन्हा हाती घेतले. मनोऱ्याला कल आलेला होताच. गंमत म्हणजे आरंभी मनोरा किंचित उत्तरेकडे कलला होता, नंतर मात्र तो दक्षिणेकडे वळला आणि कायम दक्षिणेकडेच जात राहिला. सिमोनेने खालचा कल पाडून टाकला नाही. वरचे मजले चढवताना खचलेल्या बाजूची उंची थोडी जास्त धरली आणि ओळंबा सांभाळायचा प्रयत्न केला. म्हणून हा मनोरा नीट पाहिला तर सरळ काठीसारखा नाही, केळ्यासारखा किंचित वाकलेला आहे. सहा वर्षांत सातव्या मजल्यापर्यंत काम आले आणि 1278 साली पुन्हा थांबले. 1284 साली जेनोआच्या आरमाराने मेलोरियाच्या लढाईत पिसाचा पराभव केला, आणि शहराचे वैभव गेले ते गेलेच. पुन्हा ऐंशी वर्षे गेली. पुन्हा माती निथळली. सर्वांत वरचा घंटांचा मजला चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, 1370 च्या आसपास, तोमासो पिसानोने पुरा केला. तेथे जाण्यासाठी दक्षिण बाजूला सहा पायऱ्या आहेत आणि उत्तर बाजूला चारच. त्याने कल किती होता हे पायऱ्यांतच लिहून ठेवले आहे म्हणा ना. काम सुरू झाले तेव्हा यादव स्वतंत्र नव्हते, पुरे झाले तेव्हा यादवांचे राज्य उदयास येऊन बुडाले होते आणि दख्खनमध्ये बहमनी राज्य स्थापन होऊन वीस-पंचवीस वर्षे झाली होती.

गेल्या वर्षी आपल्यातल्या एका मिस्त्रींनी मला शाळेच्या फाटकाशी गाठले. हा ओळंबा त्यांचाच. ते परातीवरून पडून वर्षभर घरी होते, आणि मोठा मुलगा आठवीतून निघून कामावर जाऊ लागला होता. दोन वर्षे गेली. ते म्हणाले, "सर, आता मी बरा झालोय. पण पोराची दोन वर्षं वाया गेली. आता बरोबरीची पोरं पुढं गेली. परत बसवून काय उपयोग?" मी त्यांना त्या वेळी जे उत्तर दिले ते फार कच्चे होते. "होईल सर्व ठीक, इन्शाअल्लाह" एवढेच म्हणालो. हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला मी उशिरा दिलेले उत्तर आहे. कोणी असा अर्थ काढू नये की मुलांना शाळेतून काढणे चांगले. 1178 साली पिसाच्या लोकांनी काम मातीच्या भल्यासाठी थांबवले नव्हते, नाइलाजाने थांबवले होते. आपल्याकडेही मुले-मुली नाइलाजाने थांबतात. पण दोन वर्षे सेंटरिंगवर काम केलेल्या मुलाला नववीच्या भूमितीतला काटकोन मी शिकवायला गेलो, तेव्हा तो मला दोरीला तीन, चार आणि पाच हातांवर गाठी मारून काटकोन कसा धरतात ते दाखवू लागला. त्या दोन वर्षांत त्याच्या आत काय घट्ट झाले होते ते त्याच्या बापालाही दिसले नव्हते आणि मलाही.

मनोरा पुरा झाल्यावर सुमारे साडेचारशे वर्षे तो हळूहळू कलत राहिला. गॅलिलिओने या मनोऱ्यावरून लहान-मोठे गोळे टाकल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गॅलिलिओ पिसाचाच, आणि तेथे तो शिकवीतही होता. परंतु गोळ्यांची ती कथा त्याच्या शिष्याने नंतर लिहिली आणि बहुतेक इतिहासकार ती खरी मानत नाहीत. विज्ञानाच्या पेपरात लिहायला हरकत नाही, इतिहासाच्या पेपरात जपून लिहा.

माझ्या मते या हकीकतीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग मनोऱ्याच्या दुरुस्तीचा आहे, कारण दुरुस्ती करायला आलेल्यांनीच त्याला दोनदा मरणाच्या दारात नेले.

1838 साली गेरार्देस्का नावाच्या स्थपतीला वाटले की मनोऱ्याच्या तळाचे सुंदर खांब जमिनीत रुतून दिसेनासे झाले आहेत, ते लोकांना दिसावेत. त्याने मनोऱ्याभोवती गोल चर खोदला. दक्षिण बाजूला तो चर जमिनीतील पाण्याच्या पातळीखाली गेला, पाणी उसळून आत आले आणि मनोरा एकाएकी सुमारे अर्धा अंश आणखी कलला. हेतू चांगला होता, पण पायाजवळ पहार घालण्याआधी त्याने मातीचा विचार केला नव्हता.

दुसरी वेळ 1934 ची. इटलीत मुसोलिनीची सत्ता होती. राष्ट्राचे प्रसिद्ध स्मारक वाकडे उभे असावे हे त्याला कमीपणाचे वाटले आणि ते सरळ करण्याचा हुकूम सुटला. पायात तीनशेहून अधिक भोके पाडून त्यांत ऐंशी-नव्वद टन सिमेंट दाबाने भरले. पाया मजबूत होईल अशी कल्पना होती. मनोरा सरळ होण्याऐवजी आणखी कलला.

मग 17 मार्च 1989 रोजी त्याच देशातील पाविया शहरातला एक जुना मनोरा काही पूर्वसूचना नसताना कोसळला आणि चार माणसे मेली. तो मनोरा तर कललेलाही नव्हता. सरकार घाबरले. 7 जानेवारी 1990 रोजी पिसाचा मनोरा लोकांसाठी बंद झाला. तेव्हा त्याचा माथा तळापासून सुमारे साडेचार मीटर बाहेर गेला होता आणि दर वर्षी आणखी एक मिलिमीटरभर जात होता. यामिओल्कोव्स्की यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तीत इंग्लंडचे प्राध्यापक जॉन बर्लंड होते. त्यांनी एक गोष्ट शोधून काढली, ती शेतकऱ्यांना पटेल. मनोरा वर्षभर सारखा कलत नव्हता. पावसाचे दिवस आले की जमिनीतील पाणी उत्तर बाजूला जास्त चढे आणि तेवढ्याच दिवसांत तो दक्षिणेकडे सरके. पाणी उतरले तरी तो मागे येत नसे.

समितीने आधी तळमजल्याला पोलादी दोर आवळले, म्हणजे दगड फुटू नयेत. मग 1993 मध्ये उत्तर बाजूला 600 टन शिशाच्या लाद्या रचल्या. तराजूत वर गेलेल्या पारड्यात वजन टाकावे तसे. मनोरा किंचित मागे आला. परंतु त्या लाद्यांचा ढीग विद्रूप दिसतो म्हणून ओरड झाली आणि समितीही घाईत आली. शिशाऐवजी जमिनीत खोल पोलादी दोर रोवून ओढण्याचे ठरले. त्यासाठी चर खणताना पाणी आत येऊ नये म्हणून द्रवरूप नायट्रोजनने जमीन गोठवायला सुरुवात केली. 1995 च्या सप्टेंबरातील एका रात्री मनोरा वर्षभरात जेवढा कलत असे तेवढा त्या एका रात्रीत कलला. काम तातडीने थांबवले आणि शिसे 900 टनांपर्यंत वाढवले. जगातील नामांकित मंडळी होती, तरी घाईने तीही चुकली. एवढे मात्र त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे की चूक कळताच त्यांनी हात मागे घेतला, आणि पुढची तीन-चार वर्षे फक्त मोजमाप आणि प्रयोग केले.

शेवटी जो उपाय सापडला तो इतका साधा आहे की आपल्या मिस्त्रींना हसू येईल. खचलेल्या दक्षिण बाजूला हातच लावायचा नाही. वर राहिलेल्या उत्तर बाजूखालची थोडी थोडी माती काढायची, म्हणजे ती बाजू अलगद खाली बसेल. तेरासिना नावाच्या इटालियन इंजिनियराने ही कल्पना 1962 मध्येच मांडली होती, तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. सुताराचे गिरमिट असते तसे लांब गिरमिट नळीतून तिरके जमिनीत घालायचे, आणि काही लिटर माती काढून घ्यायची. त्या जागी पोकळी राहते, ती आपोआप दबते. मग मनोऱ्याचा कल मोजायचा आणि उद्या किती माती काढायची ते ठरवायचे. 1999 च्या फेब्रुवारीत थोड्या भोकांनी चाचणी घेतली, मग 2000 आणि 2001 मध्ये 41 नळ्यांतून मुख्य काम झाले. एकंदर 38 घनमीटर माती काढली. आपल्या भाषेत सुमारे साडेतेरा ब्रास. विहिरीच्या कामावर एवढी माती काही दिवसांत निघते. त्यांना वर्षाहून जास्त काळ लागला, कारण रोजचे मोजमाप झाल्याखेरीज दुसऱ्या दिवशीचे गिरमिट फिरत नव्हते.

परिणाम काय झाला? मनोरा अर्धा अंश मागे आला. माथ्यापाशी सुमारे 45 सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट. या मंडपाच्या दहा फुटांच्या खांबावर मोजले तर साडेअकरा इंचांचे साडेदहा इंच झाले. एक इंच. अकरा वर्षे आणि जगभरची विद्वत्ता खर्ची पडून दहा फुटांत एक इंच. त्या एका इंचाने मनोरा 1838 च्या आधीच्या स्थितीत गेला. शिसे उतरवले, आणि 15 डिसेंबर 2001 रोजी तो लोकांसाठी पुन्हा उघडला. 2008 साली तज्ज्ञांनी सांगितले की त्याचे कलणे थांबले आहे.

दौंडच्या मेळाव्यात रेल्वेत गँगवर काम केलेल्या एका पालकांनी चांगला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "रूळ एका बाजूला दबला की आम्ही स्लीपरखाली गिट्टी ठासतो आणि तो उचलून घेतो. तसे दबलेल्या बाजूला का केले नाही?" उत्तर असे की रूळ जॅकने उचलता येतो, साडेचौदा हजार टन उचलता येत नाहीत. आणि दबलेल्या बाजूची माती आधीच शेवटच्या ताणावर होती. तिला नुसते टोचले तरी काय होते ते 1934 साली दिसले होते. म्हणून ज्या बाजूला अजून जोर शिल्लक होता तिकडून काम केले.

एका विद्यार्थिनीने विचारले, भूकंपात तो कसा पडला नाही? त्या भागाने 1280 पासून निदान चार मोठे भूकंप सोसले आहेत. 2018 मध्ये अभ्यासकांनी याचे कारण मांडले. मनोरा उंच आणि कडक, आणि खालची माती मऊ. यामुळे मनोऱ्याच्या हलण्याची लय भूकंपाच्या धक्क्यांच्या लयीशी जुळत नाही. ज्या मातीने तो कलवला तिनेच तो भूकंपात वाचवला. कठीण खडकावर असता तर कलला नसता, पण धक्के जसेच्या तसे अंगावर आले असते. दिल्लीच्या कुतुबमिनाराचे वरचे मजले विजेने मोडले तेव्हा फिरोजशहा तुघलकाने दुरुस्त केले, आणि 1803 च्या भूकंपात त्याची छत्री पडली. तोही आज उभ्या रेषेपासून दोन फुटांवर कललेला आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

आणि शेवटचा प्रश्न सहावीतल्या एका मुलाचा. "सर, एवढे केले तर मग पूर्ण सरळच का नाही केला?" सभेत हशा पिकला, पण त्याचे बरोबर होते. पूर्ण सरळ करायचा तर आणखी किती तरी माती काढावी लागली असती, आणि इतकी वर्षे कललेल्या स्थितीत बसलेले दगड दुसऱ्याच ताणाखाली आले असते. शिवाय हा मनोरा मध्येच वाकलेला आहे. खालचे मजले सरळ केले की वरचे उलट बाजूला कलणार! समितीला त्याचा कल घालवायचा नव्हताच. तो पडू नये एवढेच त्यांना करायचे होते.

आता हा ओळंबा मी येथेच खांबाला ठेवून जातो. कार्यक्रम संपल्यावर मुलांनी शिस्तीने रांग लावून या मंडपाचे चारही खांब मोजावेत आणि आकडे वहीत लिहून उद्या वर्गात आणावेत. नववीतला तो मुलगा दोरी धरायला येथे थांबणार आहे, ज्यांना ओळंबा धरता येत नाही त्यांनी त्याला विचारावे. मिस्त्रीसाहेब, तुमचा ओळंबा संध्याकाळी घरी पोहोचवतो.